कोपऱ्यावरचा खांब
(प्रस्तावना)

ग्रीक खांबांची ओळख आपल्याकडे बहुतेकांना एकाच चित्रातून होते. वहीच्या पानावर शेजारी शेजारी तीन खांब काढलेले असतात. पहिल्याच्या माथ्यावर साधी गोल उशी, दुसऱ्याच्या माथ्यावर मेंढ्याच्या शिंगांसारखे दोन वळसे, तिसऱ्याच्या माथ्यावर पानांचा झुबका. खाली नावं: डोरिक, आयोनिक, कोरिंथियन. वास्तुकला शिकणाऱ्या किंवा हौसेनं इतिहासाची पुस्तकं चाळणाऱ्या कितीतरी मराठी वाचकांनी हे चित्र पाहिलं आहे, अनेकांनी काढलंही आहे. मीही काढलं, आणि हा विषय एवढाच आहे असं बरीच वर्षं समजत होतो.

चित्र खोटं नाही, पण अर्धं आहे. त्यातले खांब समईसारखे एकेकटे उभे असतात. देवळाचा खांब तसा नसतो. त्याच्या डोक्यावर तुळई असते, दोन्ही हातांना त्याच्यासारखेच सोबती असतात, आणि ओळ संपते तिथे एक खांब असा असतो की ज्याला दोन बाजूंना तोंड द्यावं लागतं. तो कोपऱ्यावरचा खांब. मधल्या खांबांना जे नियम सहज लागू पडतात ते त्याच्यापाशी येऊन अडतात. या तिन्ही घडणींचा इतिहास त्या कोपऱ्यावर उभं राहून पाहिला तर फार वेगळा दिसतो. माथ्यावरची सजावट ही वरून चिकटवलेली शोभा राहत नाही. वजन, सांधा, उजेड आणि मोजमाप यांच्याशी पाथरवटांच्या पिढ्यांनी जी झटापट केली, तिच्या खुणा त्या सजावटीत दिसू लागतात. त्या खुणा मराठी वाचकाला दाखवाव्यात म्हणून हे पुस्तक.

सुरुवात दगडाच्या स्वभावापासून करावी लागते. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. उभ्या दगडावर भलं मोठं वजन ठेवा, तो निमूट उभा राहील. पण त्याचीच आडवी तुळई करून दोन टोकांवर टेकवली की तिच्या पोटाला ताण बसतो आणि ती मधोमध तडकते. मग उपाय एकच: खांब जवळ जवळ आणायचे. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये एका खांबाच्या मध्यापासून शेजारच्या खांबाच्या मध्यापर्यंत अंतर सुमारे ४.३ मीटर आहे, आणि वरची तुळई एकसंध नसून एकमेकींना लागून उभ्या केलेल्या तीन शिळांची आहे. ग्रीक देवळाभोवती खांबांची जी दाटी दिसते तिच्यामागे आधी हा हिशेब आहे. वाड्याची लांबी खणांत मोजणाऱ्या आपल्या माणसाला हे समजायला जड नाही. दोन खांबांमधला खण केवढा, त्यावर सगळं घर ठरतं. लाकडाला मोठा खण झेपतो, दगडाला लहान.

आणि मुळात हे लाकूडच होतं, अशी फार जुनी समजूत आहे. तिला सगळ्यात सुंदर पुरावा ऑलिंपियाला मिळतो. तिथलं हेराचं देऊळ इ.स.पू. ६०० च्या सुमाराचं. समोर ६, बाजूला १६ खांब. इ.स.च्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा प्रवासी तिथे गेला, तेव्हा मागच्या दालनात त्याला एक खांब ओकच्या लाकडाचा दिसला. बाकीचे दगडाचे होते. आज तिथे पडलेले दगडी माथे पाहिले तर एकासारखा दुसरा नाही. काहींची उशी पसरट आणि फुगीर, काहींची ताठ आणि आखडलेली. अभ्यासक यावरून असं मानतात की खांब मूळचे लाकडी होते, आणि एकेक कुजला की त्या त्या पिढीनं आपल्या पद्धतीचा दगडी खांब त्या जागी बसवला. जुन्यासारखाच करू, असा आग्रह कुणी धरला नाही. एकाच देवळाच्या ओळीत शतकानुशतकांच्या आवडीनिवडी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. ग्रीक वास्तुकला म्हणजे गोठलेला नियम, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी आधी ऑलिंपियाची ही ओळ डोळ्यांपुढे आणावी.

रोमन स्थपती विट्रुव्हिअस यानं इ.स.पू. पहिल्या शतकात दहा भागांचा ग्रंथ लिहिला. लाकडी मुळाची उपपत्ती त्यात सविस्तर आली आहे. डोरिक तुळईच्या वर जो पट्टा असतो त्यात तीन उभ्या पट्ट्यांची फळी आणि मोकळी चौकट आलटून पालटून येतात. फळीला ट्रायग्लिफ म्हणतात, चौकटीला मेटोप. विट्रुव्हिअस म्हणतो की ट्रायग्लिफ म्हणजे लाकडी तुळयांची कापलेली टोकं झाकायला ठोकलेली फळी. तिच्या खाली दगडात कोरलेले छोटे ठोकळे असतात. ते लाकडी खुंट्यांसारखे दिसतातच. आपल्या वाड्यांत तुळयांची टोकं भिंतीबाहेर काढून त्यांवर नक्षी करायची पद्धत पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट पटकन पटते. पण अडचण अशी की ट्रायग्लिफ देवळाच्या चारही बाजूंना फिरतात, आणि छताच्या तुळया चारही बाजूंना टोकं काढू शकत नाहीत. शिवाय इजिप्तमध्ये बेनी हसनच्या थडग्यांत पन्हळीदार दगडी खांब हजारेक वर्षांहून आधीच कोरलेले होते, आणि इ.स.पू. सातव्या शतकात ग्रीक व्यापारी व भाडोत्री शिपाई इजिप्तमध्ये वावरत होते. ग्रीसमधल्याच प्राचीन मायसीनीच्या सिंहद्वारावर दोन सिंहिणींच्या मधला खांबही उशीसारखा माथा घेऊन उभा आहे. यापैकी एकच धागा खरा आणि बाकीचे खोटे असं मानायची मला गरज वाटत नाही. लाकडाची आठवण, परदेशी पाहिलेली भव्यता आणि घरातलं जुनं काही, असं तिहेरी सूत त्यात आहे.

डोरिक खांब मुख्य भूमीवरचा आणि पश्चिमेच्या वसाहतींचा, म्हणजे सिसिली आणि दक्षिण इटलीचा. त्याला बैठक नसते. तो थेट चौथऱ्यावर उभा राहतो. अंगावर बहुधा २० पन्हळी, दोन पन्हळींच्या मधली कड धारदार, वर उशी, उशीवर चौकोनी पाट. एवढंच. पण एवढ्यातच किती फरक पडतो पाहा. कोरिंथचं अपोलोचं देऊळ इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्याचं. त्याचे सात खांब आज उभे आहेत, प्रत्येक एकाच दगडाचा, आणि उंची बुडाच्या जाडीच्या चारपटीहून थोडीच जास्त. पार्थेनॉनमध्ये तीच साडेपाच पट होते. नेमियाच्या झ्यूसच्या देवळात, इ.स.पू. ३३० च्या आसपास, सहापटीच्या पुढे जाते. दोनशे वर्षांत खांब सडसडीत होत गेला, उशी आखडत गेली.

पेस्टमचं हेराचं जुनं देऊळ मला या सगळ्यांत फार जवळचं वाटतं. तिथे समोर ९ खांब आहेत, म्हणजे बरोबर मध्यावर दाराऐवजी खांब येतो. खांबांची पोटं ठळक फुगलेली, उशा भाकरीसारख्या पसरलेल्या. १७८७ साली जर्मन कवी गटे तिथे गेला तेव्हा ते बोजड खांब त्याला आधी सहनच झाले नाहीत. तो त्यांच्यामधून हिंडला, डोळे रुळले आणि मग त्याचं मत फिरलं. डोरिक पाहायला थोडा मुक्काम लागतो.

हे खांब कसे झाले हे पाहायचं तर देवळात न जाता आधी खाणीत जावं. सिसिलीत सेलिनुंतेपासून दहाबारा किलोमीटरवर कुझाची खाण आहे. इ.स.पू. ४०९ मध्ये कार्थेजच्या सैन्यानं सेलिनुंते जिंकलं आणि खाणीतलं काम त्या दिवसांत थांबलं ते कायमचं. खडकात गोल खाच घेऊन सुटे केलेले, पण तळाशी अजून खडकाला जोडलेले खांबांचे प्रचंड तुकडे तिथे तसेच उभे आहेत. तुकडा आणि खडक यांच्यामध्ये एक माणूस अंग चोरून मावेल एवढीच फट. त्या फटीत उतरून तो वरून खाली टाकीचे घाव घालत गेला. घावांचे व्रण अजून मोजता येतात. वाटेत, देवळाकडे नेताना टाकून दिलेले तुकडेही पडलेले आहेत.

बांधणीचा पुढचा टप्पा सेजेस्टाला दिसतो. हेही सिसिलीतलं, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीचं, ३६ खांबांचं आणि अर्धवट राहिलेलं देऊळ. खांब उभे आहेत, तुळया चढल्या आहेत, पण खांबांवर एकही पन्हळ नाही. चौथऱ्याच्या दगडांवर उचलण्यासाठी ठेवलेले गड्डे तसेच आहेत. ते शेवटी छिनायचे असत. म्हणजे पन्हळी खांब उभा राहिल्यावर कोरत. त्याचं कारण साधं आहे: कोरलेली धारदार कड वाहतुकीत आणि चढवताना टवकली असती. एकावर एक ठेवलेल्या तुकड्यांच्या मध्यभागी चौकोनी खाच करून तिच्यात लाकडी ठोकळा आणि त्यात लाकडी खुंटी बसवत, म्हणजे वरचा तुकडा बरोबर मध्यावर येई. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरच्या खांबांतून असे ठोकळे चोवीसशे वर्षांनी शाबूत निघाले, कारण वरचा-खालचा सांधा इतका घट्ट होता की आत हवापाणी गेलंच नाही.

आता कोपरा. डोरिक पट्ट्याचे दोन नियम असे: प्रत्येक खांबाच्या मध्यावर एक ट्रायग्लिफ यावा आणि दोन खांबांच्या मधोमध आणखी एक, आणि पट्टा कोपऱ्यावर संपताना ट्रायग्लिफनंच संपावा, चौकट अर्धी कापू नये. लाकडात दोन्ही नियम सुखानं नांदतील, कारण तुळई आणि फळी एकाच रुंदीच्या असू शकतात. दगडात तुळई जाड लागते. मग शेवटचा ट्रायग्लिफ कोपऱ्याच्या टोकाशी नेला की तो खांबाच्या मध्यावरून बाहेर सरकतो, आणि त्याच्या अलीकडची चौकट उगाच रुंद दिसू लागते. दोन नियमांपैकी एकाला माघार घ्यावी लागणार. ग्रीक पाथरवटांनी यावर अनेक तोडगे काढले. काहींनी शेवटच्या चौकटी थोड्या रुंद करून फरक वाटून टाकला. बहुतेकांनी कोपऱ्यावरचा खांबच आत सरकवला. सिसिलीत काही ठिकाणी शेवटचे दोन खण थोडे थोडे कमी केलेले आहेत, म्हणजे फरक एकदम डोळ्यात भरत नाही. विट्रुव्हिअसनं मात्र कोपऱ्यावर सरळ अर्धी चौकट ठेवा असं सांगितलं. ते कागदावर नीट बसतं, पण कोपरा भरीव लागतो ही जी ग्रीक डोळ्याची भूक होती ती त्यानं भागत नाही, असं माझं मत आहे.

पार्थेनॉन (इ.स.पू. ४४७ ते ४३२, स्थपती इक्टिनोस आणि कॅलिक्रेटिस) या प्रश्नाला ज्या तऱ्हेनं भिडतं ते पाहिल्यावर माणूस गप्प होतो. तिथे कोपऱ्यावरचा खांब पट्ट्याच्या गरजेपेक्षाही जास्त आत घेतलेला आहे. शिवाय तो बाकीच्यांहून सुमारे ४ सेंटिमीटर जाड आहे, कारण त्याच्यामागे भिंतीची सावली नसून आकाश असतं आणि उजेड खांबाला खातो. सगळे खांब आतल्या बाजूला किंचित कललेले. कोपऱ्यावरचे दोन्ही दिशांना. चौथराही सपाट नाही, मध्ये वर उचललेला: लांब बाजूला सुमारे ११ सेंटिमीटर, आखूड बाजूला ६. हे सगळं फ्रान्सिस पेनरोझ या इंग्रज स्थपतीनं १८४० च्या दशकात मोजलं, तेव्हा कुठे युरोपला कळलं की हे जमीन खचल्यामुळे झालेलं नाही. चौथरा वाकडा असला की त्यावरचा प्रत्येक तुकडा वेगळ्या कोनात घडवावा लागतो. एका मापाचे दोन तुकडे सहसा चालत नाहीत. ओळंबा आणि गुण्या हाताशी असलेल्या माणसांनी ही सरळ रेषेपासूनची फारकत सेंटिमीटरच्या हिशेबानं, ठरवून केली.

आयोनिक घडण पूर्वेची. आशिया मायनरचा किनारा आणि एजियन बेटं हे तिचं माहेर. खांब उंच आणि सडपातळ, खाली गोलाकार वळ्यांची बैठक, पन्हळी बहुधा २४, आणि दोन पन्हळींच्या मध्ये धार नसून चपटी पट्टी. माथ्यावर दोन वळसे. हे वळसे कशावरून आले, शंखावरून, शिंगांवरून की कोवळ्या पानाच्या गुंडाळीवरून, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. नेआंड्रिया आणि लारिसा इथे सापडलेल्या जुन्या माथ्यांत वळसे आडवे न जाता देठासारखे वर उगवतात, त्यामुळे माझा कौल झाडाच्या बाजूनं आहे.

आयोनियातली देवळं आकारानंच दिपवणारी. एफेससचं आर्टेमिसचं देऊळ इ.स.पू. सहाव्या शतकात लिडियाचा राजा क्रीसस याच्या पैशानं उभं राहू लागलं. काही खांबांच्या बुडाशी माणसांच्या आकृत्या कोरलेल्या होत्या, आणि त्यांच्या वळ्यांवर क्रीससच्या दानाची अक्षरं होती. तुकडे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. खाण ते देऊळ ही वाट मऊ मातीची. गाड्यांची चाकं रुतली असती. म्हणून केर्सिफ्रॉन या स्थपतीनं खांबाच्या दोन्ही टोकांत लोखंडी आस बसवून, भोवती लाकडी चौकट करून, खांबच रुळासारखा बैलांकडून ओढवला. त्याचा मुलगा मेटाजेनिस यानं चौकोनी तुळयांना चाकांत अडकवून तेच केलं. आज त्या जागी तुकडे जुळवून उभा केलेला एकच खांब आहे आणि त्याच्या माथ्यावर करकोचे घरटं करतात.

आयोनिकला कोपरा वेगळ्या तऱ्हेनं छळतो. या माथ्याला पुढची बाजू आहे आणि कूस आहे. पुढून दोन वळसे दिसतात, बाजूनं गुंडाळलेल्या लोडासारखा आकार. ओळीत सगळे समोर तोंड करून उभे राहिले तर ठीक. कोपऱ्यावर मात्र एका दर्शनी बाजूला वळसे आणि दुसरीला नुसती कूस आली असती. मग ग्रीकांनी टोकाचा वळसा पंचेचाळीस अंशांत बाहेर ओढला, म्हणजे तो दोन्हीकडून वळसाच दिसतो. आतल्या कोनात मात्र दोन वळसे एकमेकांवर आदळतात आणि अर्धवट कापले जातात. अथेना नायकीच्या छोट्या देवळापाशी मान वर करून हा आतला कोन पाहता येतो. बाहेरून डौल, आतून ओढाताण. मला तो आतला कोन अधिक आवडतो, कारण तिथे पाथरवटाचं डोकं कसं चाललं ते उघडं पडतं.

ती माणसं कोण होती, हेही एका ठिकाणी कळतं. अक्रोपोलिसवरच्या एरेक्थिऑनच्या कामाचा हिशेब दगडावर कोरून ठेवला होता, त्यातला इ.स.पू. ४०९ ते ४०७ या काळातला बराचसा भाग हाती आला आहे. पूर्वेच्या पडवीतल्या खांबांच्या पन्हळी कोरायला एकेका खांबावर पाच-सात जणांची टोळी होती. सिमिअस नावाचा पाथरवट आपल्या गुलामांबरोबर एकाच खांबावर काम करतो आणि मजुरीचे आकडे जवळपास सारखे दिसतात. गुलामाची मजुरी अर्थातच मालकाच्या खिशात जाई. ज्यांचा दर्जा समजतो अशा ८६ कामगारांपैकी २४ नागरिक, ४२ अथेन्समध्ये राहणारे परके आणि २० गुलाम आहेत. एका खांबाच्या २४ पन्हळी नागरिकानं, परक्यानं आणि गुलामानं वाटून कोरल्या, आणि आज कुठली कुणाची ते सांगता येत नाही. कलेच्या इतिहासात या हिशेबाला मी कुठल्याही सौंदर्यमीमांसेच्या वरची जागा देईन.

कोरिंथियन माथ्याची जन्मकथा विट्रुव्हिअसनं सांगितली आहे. कोरिंथमध्ये एक मुलगी वारली. तिच्या दाईनं तिच्या आवडीच्या वस्तू टोपलीत भरून थडग्यावर ठेवल्या, वर कौल झाकलं. टोपलीखाली अकँथसचं मूळ होतं; वसंतात पानं फुटून टोपलीभोवती वर आली आणि कौलाच्या कोपऱ्यांना अडून बाहेर वळली. शिल्पकार कॅलिमाकस यानं ते पाहिलं. कथा खरी असो वा नसो, तिच्यात माथ्याची घडण नेमकी आहे: पानं, टोपली, वरचा पाट. अकँथस आपल्याकडे मुद्दाम कुणी लावत नाही, पण अडुळसा आणि कोरांटी ही त्याच कुळातली झाडं आपल्या कुंपणाला असतात.

माहीत असलेला सर्वांत जुना कोरिंथियन खांब बासीच्या अपोलोच्या देवळात, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, आतल्या दालनाच्या मध्यरेषेवर उभा होता. तो माथा नष्ट झाला; १८११-१२ सालच्या उत्खननात केलेल्या रेखाटनांवरूनच तो आपल्याला कळतो. पुढे शतकभर हा खांब घराबाहेर पडला नाही म्हटलं तरी चालेल. अथेन्समध्ये लिसिक्रेटिसच्या स्मारकावर, इ.स.पू. ३३४ च्या सुमारास, तो बाहेरच्या उन्हात आला. या माथ्याला चारही बाजू सारख्या, त्यामुळे कोपऱ्याचा प्रश्नच उरत नाही. रोमन साम्राज्यानं तो उचलून धरला आणि सीरियापासून ब्रिटनपर्यंत नेला. अथेन्सचं ऑलिंपियन झ्यूसचं देऊळ या प्रवासाचं मापच आहे: इ.स.पू. सहाव्या शतकात डोरिक म्हणून सुरू झालं, इ.स.पू. १७४ मध्ये सीरियाचा राजा अँटिओकस चौथा याच्या पैशानं कोसुटिअस या रोमन स्थपतीनं कोरिंथियन म्हणून पुन्हा हाती घेतलं, आणि पुरं झालं हेड्रियन बादशहाच्या काळात, इ.स. १३१-३२ मध्ये. कोरिंथियनमध्ये डौल भरपूर आहे. तरीही कोपरा सुटला तेव्हा त्या जुन्या भांडणातली धगही थोडी विझली, असं मला वाटतं.

आता शब्दाबद्दल. या तीन घडणींना इंग्रजीत ऑर्डर म्हणतात, आणि त्या शब्दात शिस्तीचा वास आहे. तो रेनेसान्सचा आहे. विट्रुव्हिअस त्यांना जाती किंवा कुळं म्हणतो. त्यानं डोरिकला पुरुषाची, आयोनिकला स्त्रीची आणि कोरिंथियनला कुमारिकेची प्रमाणं लावली. इटलीच्या सर्लिओनं १५३७ मध्ये पाच घडणींची रांग लावली, विन्योलानं १५६२ मध्ये त्यांची कोष्टकं केली आणि मग युरोपभर खांब मापांच्या पुस्तकातून उभे राहू लागले. प्रत्यक्ष ग्रीस मात्र बेधडक मिसळत होता. अक्रोपोलिसच्या महाद्वाराला बाहेरून डोरिक आणि आत आयोनिक खांब आहेत. पार्थेनॉन डोरिक, पण त्याच्या आतल्या भिंतीवरून १६० मीटर लांबीचा अखंड शिल्पपट्टा आयोनिक रीतीनं फिरतो. ग्रीकांमध्ये वादही होते: पिथिओस आणि हर्मोजेनिस हे स्थपती देवळाला डोरिक नकोच म्हणत, आणि हर्मोजेनिसनं डोरिक देवळासाठी तयार केलेला संगमरवर फिरवून डायोनायससचं आयोनिक देऊळ बांधलं. कारण, कोपऱ्यावरचा तोच ट्रायग्लिफ.

रंगाचंही असंच झालं. ट्रायग्लिफ निळे, मधल्या पट्ट्या लाल, असा हा सगळा रंगीत कारभार होता. स्टुअर्ट आणि रेव्हेट यांनी अथेन्सची मापं घेऊन १७६२ मध्ये पहिला खंड छापला आणि ग्रीक पद्धतीची लाट उसळली. त्या लाटेत जग पांढऱ्या ग्रीसच्या प्रेमात पडलं. तीच लाट मुंबईच्या किनाऱ्याला लागली. १८३३ मध्ये पुरा झालेला टाउन हॉल, म्हणजे आजची एशियाटिक सोसायटी, त्याच्या रुंद पायऱ्या आणि वरचे डोरिक खांब आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. मराठी माणसाच्या रोजच्या वाटेवरचा सर्वांत जवळचा ग्रीक तो.

त्याआधीची भेट निराळी होती. अफगाणिस्तानात आमू दर्याकाठी ऐ खानूम इथे ग्रीकांच्या शहरात कोरिंथियन माथे निघाले, आणि गांधारात त्याच अकँथसच्या पानांमध्ये लहानसा बुद्ध येऊन बसला. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात तर काही खांबांवर ते यवनांचं दान असल्याचं कोरलेलं आहे. ते यवन वंशानं ग्रीक होते की नाही हा वेगळा वाद; पण त्यांनी दिलेले खांब घटाच्या बैठकीचे, अष्टकोनी, वर घंटेसारखा माथा आणि त्यावर हत्ती व स्वार असे अस्सल इथलेच आहेत. दुसऱ्याच्या देवळाला खांब देताना आपली नक्षी लादायची नाही, ही समज मला त्या लेखांत दिसते.

हे सगळं आजच का, असं कुणी विचारेल. एक कारण अक्रोपोलिसवरच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पार्थेनॉनचे कोसळलेले खांब पुन्हा उभे केले गेले, तेव्हा सांध्यांत साधं लोखंड वापरलं. प्राचीन कारागीर लोखंडाभोवती शिसं ओतत. ते इथे झालं नाही. लोखंड गंजलं, फुगलं आणि संगमरवर फुटू लागला. १९७५ मध्ये नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली ते सांधे उकलून टायटॅनियमचे बसवले गेले, आणि चुकीच्या जागी बसलेले तुकडे मापं घेऊन मूळ जागी परतले. प्रत्येक तुकड्याची जागा एकच असते म्हणूनच हे शक्य झालं.

दुसरं कारण आपल्या गल्लीतलं. बंगल्यांच्या दारांशी, मंगल कार्यालयांच्या मांडवात, प्लास्टरचे आणि सिमेंटचे कोरिंथियन माथे आज गावोगाव साच्यातून निघतात. ज्यांनी ते हौसेनं, घाम गाळून मिळवलेल्या पैशातून बसवले त्यांना नावं ठेवण्यात मला रस नाही. त्या पानांची मूळ कथा, त्यांच्या खालची टोपली आणि त्यांच्यावरचा भार त्यांना त्यांच्या भाषेत वाचता यावा, एवढंच मनापासून वाटतं.

म्हणून या पुस्तकात माथ्यांची यादी नाही. खाणीपासून कोपऱ्यापर्यंत दगडाबरोबर चालत जायचा प्रयत्न आहे, आणि आकृत्या मुद्दाम कोपऱ्यांच्याच जास्त आहेत. शब्दांसाठी मी आधी आपल्या सुतार-पाथरवटांकडे गेलो. तुळई, खण, पाट, पन्हळ, चौथरा हे शब्द त्यांच्याकडून घेतले; जिथे मिळाला नाही तिथे ट्रायग्लिफ, मेटोप हे ग्रीक शब्दच ठेवले.

एक शब्द मात्र न मागता मिळाला. एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचं काम चालू होतं. तिथल्या म्हाताऱ्या सुतारकाकांना मी पार्थेनॉनच्या दर्शनी बाजूची रेघांची आकृती दाखवली, काही न सांगता. त्यांनी चष्मा पुसला, अंगठा आणि तर्जनी ताणून कागदावर एक खण घेतला आणि तोच ताण उचलून पुढच्या, मग त्याच्या पुढच्या खणावर ठेवत टोकापर्यंत गेले. शेवटच्या खणात बोटं मावली नाहीत. "हा आखूड घेतलाय," ते म्हणाले, "कोपरा सांभाळायला." या पुस्तकात त्या शेवटच्या खणाला सगळीकडे आखूड खण असंच म्हटलं आहे.